एका दमाची सूत्रं

सरांबरोबर रिक्षाने जायचं माझ्या जिवावर यायचं. रिक्षावाल्याला माणूस ठिकाण सांगतो, सर नियम सांगायचे. "हे बघा, लिंक रोड नको. सिग्नल दोनाच्या वर नकोत. उजवीकडे वळलात तरी हरकत नाही, पण लागोपाठ दोनदा नाही. बाकी तुम्ही मोकळे." एकदा चारकोप नाक्यावर एका रिक्षावाल्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मागे वळला आणि म्हणाला, "काका, वो सब ठीक है, जाना किधर है?" सर जाम खूश झाले. "बघ," मला म्हणाले, "याला धंदा कळला. आपण नियम दिले, पण चांगलं कशाला म्हणायचं तेच सांगितलं नाही." बोरिवलीच्या एका बेकरीत आम्हाला बारा वाजता पोचायचं होतं. पोचलो पाऊण वाजता, आणि बेकरीवाला जेवायला निघून गेला होता.

सर पूर्वी कॉलेजात गणित शिकवायचे. पन्नाशी उलटल्यावर ते सोडून त्यांनी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर एक गाळा घेतला. खाली प्लास्टिकची झाकणं पाडायचा कारखाना होता, त्यामुळे आमची टेबलं दिवसभर बारीक थरथरत असायची. ऑफिसात माणसं दोनच, सर आणि मी. मी विक्रोळीहून दोन बस बदलून यायची. आता मी अंधेरीला एका मोठ्या कंपनीत आहे, तिथे काचा आहेत, एसी आहे, आणि काहीही थरथरत नाही. पण कामाचा विचार करताना अजून डोक्यात सरांचाच आवाज येतो. काही वेळा त्याचा वैतागही येतो.

आमचा धंदा लोकांना समजावताना माझ्या नाकी नऊ यायचे. आई आजही "हिचं कॉम्प्युटरचं कायतरी हाय" एवढ्यावर भागवते. खरं तर गोष्ट सोपी होती. खालच्या झाकणवाल्याला कळायचं नाही, की साचा किती वेळ गार होऊ द्यावा. कमी ठेवला तर झाकण वाकडं, जास्त ठेवला तर दिवसाचं काम मागे पडतं. दुसरा कोणी असता तर डोकं खाजवून सूत्र बसवत बसला असता. सर सूत्र कधी बसवायचेच नाहीत. ते फक्त व्याकरण लिहायचे. सूत्रात कुठले शब्द चालतील, म्हणजे हवेचं तापमान, झाकणाची जाडी, अधिक, उणे, 'असेल तर', 'नाहीतर', आणि ते शब्द एकमेकांना कसे जोडलेले चालतील, एवढंच. मग कॉम्प्युटर त्या व्याकरणात बसतील अशी हजारभर सूत्रं डोळे मिटून लिहायचा. बहुतेक सगळी भिकार. ती कारखान्याच्या जुन्या नोंदींवर तपासायची, त्यातल्या त्यात बरी ठेवायची, एकाचं अर्धं दुसऱ्याच्या अर्ध्याला जोडायचं, मधेच एखादा शब्द बदलून बघायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. अशा दोनेकशे पिढ्या गेल्या की त्या गर्दीतून एखादं शहाणं बाहेर पडायचं.

या सूत्रांना सर 'मंडळी' म्हणायचे. "मंडळी कामात आहेत," म्हणून पंखा हळू करायचे. मला कळायचं नाही की पंख्याचा आणि त्याचा काय संबंध, पण विचारायची सोय नव्हती. "झालं का?" हा प्रश्न तर ऑफिसात बंदच होता. "पंगतीत पान मांडल्यासारखी घाई करू नकोस गो. अजून एक पिढी जाऊ दे." सर मूळचे मालवणकडचे. एरवी शुद्ध बोलायचे, पण खूश झाले किंवा दुखावले की गावची बोली बाहेर पडायची.

शनिवारी चारच्या चहाला वाचन. आठवडाभरात जिंकलेलं सूत्र कागदावर काढायचं आणि उभं राहून मोठ्याने, मराठीत, एका दमात वाचायचं. मधे श्वास घ्यावा लागला तर सूत्र बाद. मग ते कितीही बरोबर असो. "जे एका दमात सांगता येत नाही ते माणूस वापरणार कसं? कारखान्यातला माणूस काय कागद घेऊन फिरणार आहे?" असं त्यांचं म्हणणं. त्यात सरांचा देह भरलेला, एक जिना चढले की तीन मिनिटं बोलणं बंद. सरांचा दम आखूड, म्हणून आमची सूत्रं आखूड. मला नोकरी मिळाली तीही यावरच. मुलाखतीला त्यांनी एक कागद पुढे केला आणि "वाच" म्हणाले. मी इंग्रजी अक्षरं वाचायला लागले तर हात वर केला. "तसं नको. माणसाशी बोलतेस तसं." मी म्हटलं, "हवा तापली असेल तर जास्त वेळ थांबा, झाकण पातळ असेल तर थांबूच नका." सर म्हणाले, "सोमवारपासून ये."

मुलुंडच्या एका सोसायटीचं काम आलं होतं. गच्चीवरची टाकी सारखी भरून वाहायची, भिंती ओल्या व्हायच्या, वरच्या मजल्याची भांडणं व्हायची. पंप कधी चालू करायचा आणि कधी बंद, याचं सूत्र त्यांना हवं होतं. मी नोंदी भरल्या, आणि टाकीतून जितकं पाणी कमी वाहील तितकं सूत्र चांगलं, असं कॉम्प्युटरला सांगितलं. एका दुपारात सूत्र आलं. पाणी वाहणं अगदी शून्य! मी नाचायची बाकी होते. शनिवारी कागद काढला तर त्यावर एवढंच होतं, 'पंप चालू करू नका.' सेक्रेटरी फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर मात्र पोट धरून हसले, डोळे पुसले, आणि म्हणाले, "तू जे मागितलंस तेच त्याने दिलं. लोकांना पाणी मिळालं पाहिजे, हे तू कुठे सांगितलंस? मागताना नीट मागावं माणसाने." मला चांगलाच राग आला होता. पण पुढे मी कधी घाईने काही मागितलं नाही.

असला माणूस घरी काय करत असेल, असा प्रश्न पडायचा. त्याचं उत्तर डब्याच्या प्रकरणात मिळालं. सरांनी एकदा दुपारच्या डब्याचं व्याकरण लिहिलं. एक कोरडं, एक पातळ, एक आंबट, एक गोड, आणि कशाशीही काहीही. डब्याला गुण द्यायचं काम बायकोवर. पहिल्या दिवशी सुकट आणि शिरा एकत्र आला, दुसऱ्या दिवशी सोलकढीत केळं. चौथ्या दिवशी काकूंचा मला फोन. "तुजा सर आवर, नायतर मी त्यालाच सुकवून ठेवीन." काकू कोळ्यांच्या, माहेर मनोरी. दोघांचं लग्न दोन्हीकडच्या मर्जीविरुद्ध झालेलं. काकू सरांना सरळ अरे-तुरे करायच्या, आणि सरांना त्याचा अभिमान होता. "मला 'अहो' म्हणणारी माणसं खूप आहेत," असं म्हणायचे.

काकू सडसडीत, आवाज खणखणीत, कपाळावर भलंमोठं कुंकू. दर आठवड्याला मार्व्याहून फेरीबोटीने पलीकडे मनोरीला जायच्या. म्हातारी आई आणि वहिनी यांच्याबरोबर वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील टांगायचे, वाळलेले उतरवायचे, निवडायचे, आणि थोडे घेऊन यायचे. सुक्या मासळीचं गिऱ्हाईक चारकोपात दारात यायचं. पण मला वाटतं मासळी हे निमित्त होतं. पलीकडे त्या कोणाच्या काकू नव्हत्या, कोणाची बायको नव्हत्या. बोट सुटली की त्या डोक्यावरचा पदर काढून मोकळ्या केसांनी उभ्या राहायच्या, हे मला त्यांनीच सांगितलं होतं.

तीस वर्षं काकू इन्सुलिन घेत होत्या. साखर सत्तरच्या खाली उतरायला लागली की पूर्वी शरीर आधी कळवायचं, घाम फुटायचा, हात कापायचे, आणि काकू पिशवीतला खडीसाखरेचा खडा तोंडात टाकायच्या. इतक्या वर्षांनी शरीराने कळवणं सोडून दिलं. एका दुपारी मार्व्याच्या जेट्टीच्या पायरीवर त्या बोलता बोलता खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. बरोबरच्या बायकांनी तोंडात साखर घातली म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस एकट्या जाऊ नका, साखर कधी उतरते त्याचा नीट अंदाज येऊ दे. ते 'काही दिवस' संपेचनात.

मग सर बरोबर जायला लागले, दर रविवारी. बिस्किटं, ग्लुकोज, थर्मास, साखर मोजायचं यंत्र, वही, असा जामानिमा घेऊन वलांडीच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि बायकोकडे एकटक बघायचे. बाया हसायच्या, "तुजा वॉचमन आयला गो!" काकूही हसायच्या. पण एकदा मला म्हणाल्या, "माहेरी जातेय का कोर्टाच्या तारखेला जातेय, काय समजत नाय." सर वाईट नव्हते. घाबरलेले होते. पण घाबरलेल्या माणसाबरोबर राहणं काय असतं ते मला माझ्या वडिलांमुळे माहीत आहे, आणि मला काकूंचं वाईट वाटायचं.

सरांनी त्यावर जे त्यांना येत होतं ते करायचं ठरवलं. बाकीची कामं बाजूला ठेवली. काकूंची साखर तासाभराने किती असेल हे आधी सांगणारं सूत्र वाढवायचं. ते भरवशाचं निघालं की डॉक्टरांना दाखवायचं, आणि काकू एकट्या मनोरीला जाणार. "तिला मोकळं सोडायचं आहे मला," सर म्हणाले. "पण डोळे मिटून नाही."

वही तयार होती. दिवसातून पाच वेळा बोट टोचून आकडा, भात किती, मासळी किती, इंजेक्शन किती, चालणं किती, झोप किती. सर कामावर असताना काकू स्वतः लिहायच्या, तिरक्या, घाईच्या अक्षरात. सर घरी असले की काकू यंत्रात बघून आकडा सांगायच्या आणि सर लिहायचे, टपोरं, मास्तरी अक्षर. मी दोन आठवडे बसून ती सगळी वही कॉम्प्युटरवर चढवली. काकूंचं अक्षर काही ठिकाणी लागेना, तेव्हा पुढे विचारायला सोपं जावं म्हणून मी एक जादा रकाना केला, अक्षर कोणाचं. आणि व्याकरण लिहिताना तो रकाना काढायचा विसरले. म्हणजे भात, इंजेक्शन, चालणं यांच्याबरोबर 'अक्षर' हाही शब्द सूत्रात चालेल, असं मी नकळत सांगून बसले. असला वेडेपणा आमच्या धंद्यातच होऊ शकतो.

पहिली सूत्रं वाईट निघाली. पुढची बरी निघाली. एका बुधवारी मंडळींतून जे सूत्र वर आलं ते बाकीच्यांना खूप मागे टाकून आलं होतं. मी वाचलं. 'अक्षर सरांचं असेल तर एकशे बारा. नाहीतर मागच्या आकड्यात भात मिळवा, इंजेक्शन आणि चालणं वजा करा.'

आधी मला हसू आलं. नवरा घरी असला की बाईची साखर ताळ्यावर राहते, छान आहे की! मग लक्षात आलं, की सर घरी असताना सूत्र भात विचारत नाही, इंजेक्शन विचारत नाही, काहीच विचारत नाही. जेवा, न जेवा, चाला, झोपा, आकडा आपला एकशे बाराच्या आसपास. शरीर असं वागत नाही. मी वही पुन्हा काढली. टपोऱ्या अक्षरातले आकडे एकाखाली एक वाचले. एकशे दहा, एकशे चौदा, एकशे आठ, एकशे बारा. हे काकूंनी यंत्रात बघून सांगितलेले नव्हते.

एक शब्द काढून टाकायचा आणि पुन्हा चालू करायचं, एवढंच काम होतं. कोणाला कळलं नसतं. पण मग खरे आणि बनवलेले आकडे एकत्र कालवून जे सूत्र आलं असतं, त्याच्या भरवशावर काकू बोटीत चढल्या असत्या.

गुरुवारी दुपारी सर बेकरीवाल्याकडे गेलेले बघून मी त्यांच्या घरी गेले. काकू जवळा निवडत बसल्या होत्या. म्हटलं, "काकू, तुमचं यंत्र जरा बघू? नोंदी जुळवायच्यात." काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग यंत्र पुढे सरकवलं. त्यात जुने आकडे साठलेले असतात, बटण दाबत मागे जायचं. रविवार सकाळ, वहीत एकशे चौदा, यंत्रात एकाहत्तर. त्याच्या आधीचा रविवार, वहीत एकशे आठ, यंत्रात दोनशे त्रेचाळीस.

"त्याला सांगणार तू?" काकूंनी खाली बघतच विचारलं.

"शनिवारी वाचायचंय, काकू."

"मंग तो शब्द काढून टाक ना. काय होतंय?"

"सूत्र खोटं येईल. ते म्हणेल जा, आणि तुम्ही जाल."

"मना जायचंच हाय."

"म्हणून तर काढवत नाही," मी म्हटलं. निघताना त्यांनी मूठभर जवळा कागदात बांधून हातात ठेवला.

शनिवारी माझ्या पर्समध्ये दोन कागद होते. एकावर तो शब्द होता, दुसऱ्यावर नव्हता. मी ऐनवेळी कुठला काढला असता, मला आजही सांगता येत नाही. चारला चहा आला, सर हात चोळत उभे राहिले, आणि जिन्यावर पावलं वाजली. काकू कधी ऑफिसात यायच्या नाहीत. आल्या, दाराशी चपला काढल्या, आणि माझ्यापुढे हात केला. "मना दे. मी वाचते." मी खरा कागद दिला.

काकू उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि मासळीबाजारात हाक घालावी तशा आवाजात वाचलं. "अक्षर सरांचं असेल तर एकशे बारा. नायतर मागच्या आकड्यात भात मिळवा, इंजेक्शन आणि चालणं वजा करा." एका दमात.

"वा!" सर म्हणाले. "दमात बसलं! किती आटोपशीर आहे बघ. पण अक्षर? अक्षर कुठून आलं व्याकरणात?"

"माझी चूक, सर. रकाना काढायचा राहिला."

"असू दे, असू दे. पण मंडळींनी तो उचलला का?" सर फळ्याकडे वळले. मार्कर घेऊन आपल्या नादात बोलायला लागले. "अक्षर माझं, म्हणजे मी घरी. मी घरी असलो की आकडा ठरलेला. भात असो नसो, ठरलेला. म्हणजे मी घरी असताना..." आणि तिथे थांबले. मार्कर फळ्याला टेकलेला, त्याचा निळा ठिपका मोठा होत गेला. खाली झाकणं पडत होती. सर वळले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"माका सांगलंस कित्याक नाय?" ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर मनोरीला नेलं असतंस?" काकू म्हणाल्या. "आकडा वाईट आला का तू ताटावरून उठतोस. घास टाकून उठतोस रे. मंग अख्खा दिवस माझ्या पाठी. बस, उठू नको, हे खा, जीभ दाखव. जाणं कॅन्सल. म्हातारी तिकडं वाट बघते. तू नसताना मी लिहिलेला आकडा मागनं वाचलास का नुसता चिडतोस, ते चालतं. पण समोर आकडा ऐकलास का तुजा चेहरा... मना सुईची भीती नाय वाटत. तुजी वाटते."

"मी तुझ्यावर कधी आवाज चढवला?"

"चढवला असतास तर बरं झालं असतं."

मला त्या क्षणी सरांचा राग आला आणि त्यांच्याबद्दल जीवही तुटला, दोन्ही एकदम. एवढा हुशार माणूस. झाकण का वाकतं हे त्याला कळायचं, पाव का करपतो हे कळायचं, आणि बायको त्याला सहा महिने एकशे बारा सांगत होती. सर खुर्चीत बसले. बराच वेळ वही चाळत राहिले. मग त्यांनी आपल्या अक्षरातल्या नोंदी एकेक करून पेन्सिलीने काटायला घेतल्या, शांतपणे, कोणाचे पेपर तपासावेत तशा. जवळजवळ अर्धी वही गेली. "यातलं काही वापरू नकोस," मला म्हणाले. "नव्याने सुरू करू." काकू त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि थंड झालेला चहा त्यांनी पिऊन टाकला.

त्यानंतर वही काकूंकडे गेली. मोजायची वेळ झाली की सर घराबाहेर पडायचे. खाली सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनच्या बाकावर पाच मिनिटं बसायचे, घराकडे पाठ करून. वॉचमनला आधी वाटलं साहेबांचं घरी भांडण झालंय. काकूंना वाटलं तर त्या आकडा सांगायच्या, नाही तर नाही. सर विचारायचे नाहीत, पण विचारू नये म्हणून जे कष्ट घ्यायचे ते बघून मला हसू यायचं. दर दहा मिनिटांनी पाणी प्यायचे. घरी फोन लावायला हात गेला की तोच हात खिशात घालायचे.

नवी वही भरायला चार-पाच महिने गेले. आकडे वाईट होते, पण खरे होते. त्यातून निघालेलं सूत्र काही अचूक नव्हतं, त्यातल्या त्यात बरं होतं. डॉक्टरांनी ते आणि वही दोन्ही बघितलं. म्हणाले, इशारा म्हणून वापरा, इंजेक्शन मी सांगतो तेवढंच, साखर कायम जवळ ठेवा, आणि एकदा एकट्या जाऊन बघा.

तो बुधवार होता. काकू सकाळी सूत्राचा आकडा काढून, केळं खाऊन, एकट्या मार्व्याला गेल्या. ठरलं होतं, की फोन काकूंनी करायचा, सरांनी नाही. सर नऊ वाजताच ऑफिसात आले होते. दुपारपर्यंत त्यांनी एकच ओळ लिहिली आणि खोडली. साडेबाराला आम्ही डबे उघडतो न उघडतो तोच फोन वाजला. सरांनी तो माझ्याकडे सरकवला, मी स्पीकर लावला.

"पासष्ट," काकू म्हणाल्या. मागे बायांचा कालवा ऐकू येत होता. "सूत्र ऐंशी बोलत होतं. मी वलांडीवर जास्त येळ उभी राहिले. ग्लुकोज घेतलंय, वहिनीजवळ बसलेय. पंधरा मिनिटांनी परत मोजते. तू येऊ नको."

फोन बंद झाला तेव्हा सर उभे होते. दाराशी गेले, एका पायात चप्पल घातली. चारकोपहून मार्व्याला रिक्षाने फार वेळ लागत नाही, आणि बोटीला तर त्याहून कमी. मला म्हणावंसं वाटलं, जा, कोण काय म्हणणार आहे! सर तसेच एक चप्पल घालून दाराला धरून उभे राहिले. मग ती चप्पल काढली, परत आले, आणि डब्यासमोर बसले. भाकरीचा तुकडा मोडला. कालवणात बुडवायचंही सुचलं नाही, कोरडाच तोंडात घातला. चावत राहिले. दुसरा मोडला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही, आणि मीही तिकडे बघितलं नाही. आयुष्यात एवढी लांब पंधरा मिनिटं मी दुसरी पाहिली नाहीत.

फोन वाजला.

"ब्याण्णव," काकू म्हणाल्या.

सरांचे ओठ हलले. ते काय विचारणार होते ते मला कळलं. आम्ही दोघांनी सहा महिन्यांचे बनवलेले आकडे पाहिले होते, खरंच का, हे विचारायचा त्यांना हक्क होता. त्यांनी ते विचारलं नाही.

"बरं," सर म्हणाले. "जेवलीस?"

"बसते आता. तू?"

"जेवतोय," सर म्हणाले. घास तोंडातच होता.